आधी स्टूल ठरवा, मग आरसा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. सोलापुरात विजापूर रोडला दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट नाही, वाहन म्हणजे स्कूटर. मुलगी सहावीत. गच्चीवरूनही वापरता येईल आणि अधूनमधून शहराबाहेर नेता येईल अशी आरशाची दुर्बीण हवी. तीन पर्याय समोर आहेत: ट्रायपॉडवरची ११४ मिमी आरशाची, जिच्या खोक्यावर ‘१००० मिमी, ७५० पट’ असं छापलंय, टेबलावर ठेवायची १३० मिमीची डॉब्सोनियन (फिरत्या लाकडी पेटीवर बसणारी), आणि वर्षभर थांबून आठ इंची डॉब्सोनियन. यातली सगळ्यात चांगली कोणती, आणि १३० घेऊन पुढे आठ इंची घेतली तर पहिली वाया जाईल का?

नुसतं ‘चांगली कोणती’ विचाराल तर आठ इंची. आरसा जेवढा मोठा तेवढा प्रकाश जास्त, त्यात वाद नाही. पण ती ट्यूब आणि बैठक मिळून वीस किलोच्या वर जाते आणि ट्यूब चार फुटांच्या आसपास. दोन जिने, दोन फेऱ्या, आणि स्कूटरवर नेणं अशक्य. पहिला महिना हौसेनं चढवाल, नंतर ती दिवाणखान्यात उभी राहील. तुम्हाला खरं तर हे ठरवायचंय की एका माणसाच्या एका फेरीत काय वर जातं, स्कूटरवर काय बसतं, आणि तिथं पोचल्यावर ते कशावर स्थिर उभं राहतं. बहुतेक लोक आरशावर सगळा विचार खर्च करतात आणि खालच्या बैठकीवर काहीच नाही. दुर्बिणी धूळ खात पडतात त्या बैठकीपायी.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगतो. तळमजला आणि चारचाकी असती तर मी डोळे झाकून आठ इंची सांगितली असती. फोटोग्राफी हा मुख्य हेतू असेल तर या तिन्हींपैकी एकही नको, तो वेगळाच खर्च आहे. चंद्र-ग्रहांपुरतंच, तेही घरच्या गच्चीवरूनच बघायचं असेल, तर सहा इंची एफ/८ (नाभीय अंतर, म्हणजे आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचं अंतर, आरशाच्या व्यासाच्या आठ पट) लांब ट्यूबची डॉब्सोनियन जास्त सुखाची. तुमच्या बाबतीत मात्र १३० मिमी एफ/५ हेच उत्तर आहे. कारणं एकेक करून सांगतो.

आधी ती ७५० पटवाली बाजूला काढू. हा आकडा येतो कुठून? १००० मिमी नाभीय अंतर भागिले ४ मिमीची आयपीस (डोळा लावायचं भिंग) म्हणजे २५० पट, त्यात तीन पटींची बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) घातली की ७५०. गणित बरोबर, दुर्बीण खोटी. उपयोगी वर्धनाची ढोबळ मर्यादा आरशाच्या मिलिमीटरच्या दुप्पट असते, म्हणजे ११४ ला फार तर २२८. त्यापुढे गुरू मोठा होतो, पण पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. दुसरी खूण ट्यूबच्या लांबीत आहे. साध्या न्यूटन पद्धतीच्या दुर्बिणीत (तळाशी मुख्य आरसा, तोंडाशी छोटा तिरका आरसा) ट्यूब साधारण नाभीय अंतराएवढी लांब असते. १००० मिमी लिहिलंय आणि ट्यूब हातभर, तर फोकसरच्या (आयपीस बसवून पुढे-मागे करायच्या) नळीत एक भिंग बसवून नाभीय अंतर लांबवलेलं असतं. या स्वस्त रचनेत गोलीय आरसा आणि ते भिंग एकमेकांचे दोष झाकतील अशी अपेक्षा असते, आणि प्रत्यक्षात बहुधा झाकत नाहीत. शिवाय त्या भिंगामुळे कॉलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत आणणं, त्रासाचं होतं. लांब ट्यूबची ११४/९०० ही वेगळी गोष्ट आहे. एफ/८ च्या आसपास आणि एवढ्या लहान आरशाला गोलीय आकारही चालून जातो. १३० एफ/५ ला मात्र चालत नाही, तिथं आरसा पॅराबोलिकच (अन्वस्त आकाराचाच) हवा. दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारला तरी समोरच्याला किती कळतं ते समजतं.

त्या ११४ सोबत येणारा ट्रायपॉड हा दुसरा अडथळा. त्यावर विषुववृत्तीय माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या गतीसोबत फिरवायची बैठक, असतो, त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो. सोलापूर १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून जेमतेम अठरा अंश वर. हे माउंट बहुतेक युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांचा विचार करून बनतात. अक्ष एवढा खाली झुकवला की वजनाचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला आपटतो आणि सगळं एका बाजूला कलतं. बारीक ॲल्युमिनियमचे पाय, त्यावर वाऱ्याची झुळूक आली की शनी नाचायला लागतो. पारख सोपी आहे: शंभर पटींवर तारा लावा, ट्यूबला बोटानं टिचकी मारा आणि मोजा. एक-दोन सेकंदांत थरथर थांबली तर बैठक चांगली. पाचापर्यंत मोजावं लागलं तर ती दुर्बीण कितीही मोठी असो, तिच्यातून बारीक काही दिसणार नाही.

डॉब्सोनियन बैठक म्हणजे नुसती फिरणारी लाकडी पेटी. जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर जाणाऱ्या-येणाऱ्याला आकाश दाखवायला ती रूढ केली. टेफ्लॉनच्या तुकड्यांवर सरकते, दांडे नाहीत, काटे नाहीत. हातानं ढकलायची, सोडली की तिथंच राहते. १३० ची अख्खी दुर्बीण बैठकीसह सहा-साडेसहा किलोची, आणि ट्यूब आत सरकवायची सोय असलेलं मॉडेल घेतलंत तर मिटल्यावर ती जेमतेम हातभर उरते. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात पिशवी, एक फेरी.

पण ‘टेबलावर ठेवायची’ म्हणजे टेबल तुम्ही आणायचं. प्लास्टिकची खुर्ची, चार पायांचं स्टूल, स्कूटरची सीट यातलं काही चालत नाही. प्लास्टिक लवतं. चार पायांचं काहीही खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तीन पायांचं डुगडुगूच शकत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेटरकडून तिपाई करून घ्या: उंची ५० सेंमी, एक इंची पाइपचे तीन पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले, बोल्टनं सुटणारे, वर १८ मिमी प्लायची गोल फळी. फळीवर दुर्बिणीचे तीन रबरी पाय जिथं येतात तिथं उथळ खड्डे पाडून घ्या, म्हणजे अंधारात सरकून पडणार नाही. पन्नासच का? ट्यूब डोक्यावर सरळ उभी असताना आयपीस फळीपासून साधारण ६५–७० सेंमी वर येते, आडवी असताना ३०–३५. म्हणजे जमिनीपासून ८० ते १२० सेंमी, आणि साध्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा थोडं वाकून-ताठून तेवढ्यात पोचतो. उभ्यानं वाकून बघणारा दोन मिनिटांत कंटाळतो, बसलेला दहा मिनिटं बघतो, आणि गुरूचे पट्टे दिसायला ती दहा मिनिटंच लागतात.

आता नेण्याचं. बैठक पायदानावर चालेल. ट्यूब मात्र मागं बसणाऱ्याच्या मांडीवर किंवा पाठीवरच्या सॅकमध्ये, आरशाची बाजू खाली. माणसाचं अंग धक्के शोषून घेतं, पायदान घेत नाही. गुंडाळायला जाड सोलापुरी चादरीसारखी दुसरी वस्तू नाही, पण सुताची कुसळं आरशावर बसतात, म्हणून आधी दोन्ही तोंडांना झाकणं, मग उशीचा अभ्रा, मग चादर. आयपीस वेगळ्या स्टीलच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून.

एवढं करूनही तिथं पोचल्यावर कॉलिमेशन तपासायचंच. लोक याला फार घाबरतात, आणि एफ/५ ला ते टाळताही येत नाही. आरशाच्या अक्षाभोवती प्रतिमा निर्दोष असते ती जागा एफ/८ ला साधारण ११ मिमी व्यासाची, एफ/५ ला पावणेतीन मिमीची. खड्ड्यातून दहा किलोमीटर गेल्यावर पावणेतीन मिमी चुकायला वेळ लागत नाही. चुकलं की तारे धूमकेतूसारखे शेपूटवाले दिसतात आणि माणूस दुकानदाराला शिव्या घालतो.

साधन घरीच होतं. फोकसरच्या प्लास्टिकच्या झाकणाला बरोब्बर मध्यभागी २ मिमीचं भोक पाडा, झाली कॉलिमेशन कॅप. उजेड असतानाच पोचा. ट्यूब आडवी धरा. ही आडवी धरण्याची सवय कायमची लावून घ्या, कारण हातातून पाना निसटला तर तो आरशावर पडता कामा नये. भोकातून पाहिल्यावर छोटा तिरका आरसा गोल दिसला पाहिजे आणि त्यात मुख्य आरशाच्या तिन्ही क्लिपा सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी क्लिप लपली असेल तर छोट्या आरशाचे तीन बारीक स्क्रू जुळवायचे: एक पाव फेरा सैल, मग उरलेले दोन थोडे घट्ट. सगळे एकदम सैल करू नका, आरसा गरकन फिरतो आणि मग तासभर जातो. नंतर मुख्य आरसा. त्याच्या मध्यावर एक गोल चकती चिकटवलेली असते. मागचे लॉक स्क्रू सैल करून, जुळवणीचे तीन स्क्रू थोडेथोडे फिरवत तुमच्या भोकाचं प्रतिबिंब त्या चकतीच्या मधोमध आणा. लॉक हलके लावा आणि परत पाहा, कारण लॉक लावतानाच तो बहुधा सरकतो. छोटा आरसा एकदा नीट बसला की महिनोन् महिने तसाच राहतो. दर खेपेला हात लागतो तो मागच्याच स्क्रूंना, आणि ते काम दोन मिनिटांचं आहे. लेझर कॉलिमेटर घ्यायची घाई नको. स्वस्त लेझर स्वतःच वाकडा असतो, आणि वाकड्या काठीनं सरळ रेघ मारता येत नाही.

अंधार पडल्यावर ध्रुवावर खातरजमा करा. तो जागचा हलत नाही, त्यामुळे सोयीचा. जास्त वर्धनावर फोकस किंचित बिघडवा. वर्तुळात वर्तुळं दिसतील, ती एकाच केंद्राची हवीत. कॅपमधून सगळं बरोबर दिसूनही तारा तिकोनी दिसत असेल तर आरशाच्या क्लिपा आवळल्या गेल्यात. क्लिप आणि काच यांत व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढी फट पाहिजे. आणि वर्तुळं उकळत्या पाण्यासारखी हलत असतील तर आरसा अजून गरम आहे, थांबा.

हे थांबणं आपल्याकडे फार महत्त्वाचं. मे महिन्यात बेचाळीस अंशात तापलेल्या खोलीतून काढलेला आरसा बाहेरच्या हवेला यायला अर्धा-पाऊण तास घेतो. झाकण काढून, तोंड मोकळं ठेवून द्या. गच्चीवर आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे स्लॅब. दिवसभर पिलेलं ऊन तो रात्री उशिरापर्यंत ओकत असतो, आणि त्या वर चढणाऱ्या गरम हवेतून शनीची कडी लिबलिबीत दिसते. संध्याकाळी सहाला स्लॅबवर पाणी मारलं तर नऊपर्यंत बराच फरक पडतो. शेजारच्या पत्र्याच्या शेडवरून बघणं टाळा. मातीच्या जमिनीवर हा त्रास निम्मासुद्धा नसतो. आणि कूलर असलेल्या खोलीत दुर्बीण ठेवू नका. बोअरच्या पाण्याची दमट हवा आरशावर थर सोडते.

दुर्बिणीसोबत २५ आणि १० मिमीच्या आयपीस येतात. नाभीय अंतर ६५०, म्हणजे अनुक्रमे २६ आणि ६५ पट. २५ बरी असते. ती ठेवा, तिच्यातून जवळजवळ दोन अंश आकाश दिसतं. १० ची बहुधा सुमार. एकच वाढवायची तर ६ मिमीची ६६ अंशांची (डोळा लावल्यावर दिसणाऱ्या वर्तुळाची रुंदी) घ्या: १०८ पट, आणि दृश्यक्षेत्र रुंद असल्यानं ग्रह मधून काठापर्यंत सरकायला मिनिटभर तर काठापासून काठापर्यंत जायला अडीच मिनिटं मिळतात. हातानं ढकलायच्या दुर्बिणीत ही अडीच मिनिटं मोलाची, नाहीतर मुलीला खुर्चीवर बसवेपर्यंत गुरू निघून जातो. दोन पटींची बार्लो नंतर, शांत हवेच्या रात्रींसाठी. एकूण पैशातला चौथा हिस्सा आयपीस आणि तिपाईसाठी राखून ठेवा, दुर्बिणीत सगळा घालवू नका.

सरकणाऱ्या मॉडेलचे दोन किरकोळ दोष, दोन्हींवर उपाय आहे. फोकसर आटे फिरवायचा असतो, तो सैल हलतो. आट्यांना प्लंबरची टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळली की बसतो. ट्यूबचा मधला भाग उघडा असतो, तिथून रस्त्याचा दिवा आत शिरतो. काळ्या फोम शीटचा पाइप करून वेलक्रोनं लावा. थंडीत हाच पाइप छोट्या आरशावर दव पडणं लांबवतो. उसाच्या पाणी दिलेल्या फडाशेजारी बसलात तर दव ठरलेलंच. घरी आल्यावर ओल्या आरशावर झाकण लावू नका, खोलीत उघडं वाळू द्या.

काळ्या मातीची बारीक धूळ बसणारच. ती पुसायची नाही, कधीच नाही. धूळ म्हणजे दगडाची पूड, फडकं फिरवलं की ॲल्युमिनियमच्या थरावर चरे. थोड्या धुळीनं काही बिघडत नाही. वर्षा-दोन वर्षांनी आरसा काढून आधी नुसत्या पाण्याच्या धारेखाली, मग डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, कापसाचा ओला बोळा दाब न देता स्वतःच्या वजनानं ओढत न्यायचा, आणि शेवटी परत डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन उभा करून वाळवायचा. शेवटचं पाणी नळाचं किंवा बोअरचं नको, क्षाराचे डाग पडतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड पाणी मिळतं.

जागा निवडताना दिशा बघा. लोक तुळजापूर किंवा बार्शी रस्त्यानं उत्तरेला जातात, आणि मग शहराचा उजेड नेमका दक्षिणेला येतो. आपल्या अक्षांशाची खरी श्रीमंती दक्षिणेलाच आहे: वृश्चिकाची शेपटी, अगस्त्य, आणि नरतुरंगातला ओमेगा हा प्रचंड तारकागुच्छ. तो इथून पंचवीस अंशांपर्यंत वर येतो. मेच्या मध्यावर रात्री साडेदहाच्या सुमारास बरोबर दक्षिणेला. त्यासाठी शहर पाठीमागे टाकून दक्षिणेला मंद्रूपच्या बाजूला जा. देवयानी दीर्घिकेसारख्या उत्तरेच्या गोष्टींना तुळजापूर बाजू ठीक. नान्नजला रात्री जाऊ नका, ते माळढोक अभयारण्य आहे. कुणाच्याही रानात बसायचं तर दिवसा जाऊन विचारून ठेवा. आणि नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याविना चालतात, स्कूटरवर असताना आकाशापेक्षा रस्त्याकडे लक्ष ठेवा. पाचट पेटवलेलं असेल त्या बाजूचं आकाश त्या दिवसापुरतं गेलंच. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, विशेषतः शोभेच्या दारूकामाच्या रात्री, शहरातून काही बघण्याच्या भानगडीत पडू नका, सरळ यात्रेला जा.

काय दिसेल तेही खरं सांगतो, नाहीतर फोटो पाहिलेली मुलगी हिरमुसेल. दूरची आकाशगंगा म्हणजे करडा धुरकट डाग, रंग नाही. पण गच्चीवरून चंद्राची विवरं, गुरूचे दोन पट्टे आणि चार चंद्र, शनीची कडी हे सगळं स्वच्छ. शनीची कडी मार्च २०२५ मध्ये आपल्याला अगदी कडेनं दिसत होती, तिथून ती वर्षागणिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद होईल, म्हणून सुरुवातीला बारीक दिसली तर दुर्बिणीला दोष देऊ नका. मृगातला तेजोमेघ शहरातूनही दिसतो, त्याच्या गाभ्यातले चार तारे ६५ पटींवर सुटे होतात. वसिष्ठ-अरुंधती नुसत्या डोळ्यांनी दिसतातच. दुर्बिणीतून खुद्द वसिष्ठच दोन ताऱ्यांचा निघतो, आणि लहान मुलांना हे फार आवडतं.

लाल ठिपक्याचा फाइंडर (दुर्बीण रोखायचं छोटं साधन) दिवसा जुळवून ठेवा: किलोमीटरभर लांबचा मोबाइल टॉवर किंवा पाण्याची टाकी २५ मिमीच्या मधोमध आणायची आणि ठिपका तिथं न्यायचा. घरी आल्यावर तो बंद केलाय ना ते बघा, त्याची नाण्याएवढी बॅटरी नेमकी लांब गेल्यावर संपलेली सापडते. हे दिवसाचं काम करताना सूर्याच्या जवळपासही ट्यूब वळवायची नाही. सूर्य बघायचा तर आरशाचं अख्खं तोंड झाकणारा सोलर फिल्टर पुढं लावूनच. आयपीसला बसवायचा काळा फिल्टर सोबत आला असेल तर फेकून द्या. एकवटलेल्या उष्णतेनं तो तडकतो, आणि डोळा क्षणात जातो. मुलगी एकटी असताना दिवसा दुर्बीण उघडी राहू देऊ नका.

शेवटचा प्रश्न, पुढे आठ इंची घेतली तर १३० वाया जाईल का? आयपीस तशाच लागतील. १२०० मिमीच्या आठ इंचीत तुमची ६ मिमी २०० पट देईल, २५ मिमी ४८. तिपाई तेवढी निरुपयोगी ठरेल, ती बैठक जमिनीवर बसते. पण १३० विकू नका. आठ इंचीत त्या २५ मधून एक अंशाच्या आसपासच आकाश दिसतं, आणि कृत्तिका त्यात मावत नाहीत.